द्राक्षांच्या फोटोखालचं नाव

स्टुडिओ बंद केला त्याला आता सात महिने झाले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा आमचा गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाने घेतलाय. परवा तिकडून जाताना आत डोकावले. जिथे माझं शूटिंगचं टेबल होतं तिथे त्याने चार्जर टांगलेत आणि वर असा पांढराफटक दिवा लावलाय की एकही कव्हर धड दिसत नाही. आत जाऊन सांगावंसं वाटलं, बाबा रे, दिवा जरा बाजूला घे. गेले नाही. रिटायर माणसाने लोकांचे दिवे हलवायचे नाहीत, असं आमच्या घरात ठरलंय. ठरवलंय यांनी, पाळायचं मी.

या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हणून फोन केला, तेव्हा जाता जाता म्हणाले, "आणि सोबत तुमचा सगळ्यात चांगला फोटो पाठवा." लेखाचं काय, बसले की चार दिवसांत होईल असं वाटलं. अडकले ती फोटोवर. माझा सगळ्यात चांगला फोटो कुठला हे पिंपळगावपासून नाशिकपर्यंत माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. द्राक्षांचा. तोच पाठवायचा की नाही यात माझे तीन आठवडे गेले. का गेले ते सांगायचंय, पण आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

फोटोग्राफर म्हटलं की लोकांना लग्न आठवतं. मी आयुष्यात एकही लग्न केलं नाही. म्हणजे माझं स्वतःचं केलं, दुसऱ्यांची नाही. मी वस्तूंचे फोटो काढले. मसाल्याची पाकिटं, चिवडा, येवल्याच्या पैठण्या, बेदाणे, नळाच्या तोट्या, एकदा तर गुरांच्या पेंडीचं पोतं. जाहिरातीत, खोक्यावर, कॅलेंडरवर, दुकानाच्या पाटीवर जो फोटो असतो तो कुणीतरी काढलेला असतो हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. त्यांना वाटतं तो खोक्याबरोबरच येतो.

माणूस कॅमेऱ्यासमोर निदान हसतो. पोतं हसत नाही. त्याला रूप द्यायचं ते उजेडाने, आणि उजेड भरपूर असला म्हणून काम होत नाही. कुठून येतो, काय ओलांडून येतो आणि कुठे पडू द्यायचा नाही, हे तीन प्रश्न सुटले की फोटो सुटला. त्यासाठी आमच्याकडे मोठमोठी यंत्रं असतात असाही समज आहे. दोन-तीन दिवे असतात, खरं. बाकी सगळा बाजार म्हणजे बटर पेपर, थर्माकोलचे तुकडे, काळं कापड, टाचण्या, ग्लिसरीन आणि कापसाच्या काड्या. बटर पेपरमधून उजेड मऊ होऊन येतो, थर्माकोलवरून परत फिरतो, काळ्या कापडात गडप होतो. इतकंच शास्त्र. ते हाताला यायला मला दहा वर्षं लागली.

मिसळीचं उदाहरण देते, नाशिकच्या वाचकांना लगेच कळेल. मिसळीवरची तर्री हा चक्क आरसा असतो. वरून दिवा लावला की त्यात दिव्याची लांबट पांढरी खिडकी उमटते. माझ्या पहिल्या मिसळीचा फोटो बघून हॉटेलचा मालक गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, माझ्या मिसळीत ट्यूबलाइट पडलीय." मी मग दिवा खाली आणला, बाजूला नेला, फरसाण हलवलं, कांदा बदलला. चार तासांनी फोटो झाला. तोवर ती मिसळ खाण्याच्या लायकीची राहिली नव्हती, तरी मालकाने ती आमच्यासमोर बसून खाल्ली. वाया घालवलेली त्याला चालत नसे.

स्टुडिओ यांच्या वडिलांचा. पाटीवर त्यांचं नाव, नंतर यांचं. यांना कॅमेऱ्यात कधीच रस नव्हता. हे काउंटरवर बसत, लोकांशी गोड बोलत आणि वेळेवर माल देत. फोटो मी काढत असे. गिऱ्हाईक आत येऊन मला विचारायचं, "साहेब नाहीत का?" हे समोरूनच सांगायचे, "फोटो हीच काढते." गिऱ्हाईक हसायचं, हेही हसायचे, मी आत जाऊन दिवे लावायचे. काम आवडलं की निरोप यायचा, "साहेबांना सांगा, फोटो झकास आलाय." मी सांगत असे. हे म्हणत, "बरं झालं, मी फार मेहनत घेतली होती." आम्ही दोघं हसून घ्यायचो. बावीस-तेवीस वर्षं एकच विनोद चालला. त्यातलं माझं हसू कधी संपलं ते मलाही नेमकं सांगता येणार नाही.

भांडी बाजारातले एक वयस्कर तांबट होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी एकदा तांब्याचं मोठं घंगाळ फोटोसाठी आणलं. चकचकीत भांड्याचा फोटो हा या धंद्यातला सगळ्यात मोठा छळ. भांड्यात सगळं दिसतं. दिवा दिसतो, छत दिसतं, स्टँड दिसतो आणि फोटो काढणारा दिसतो. पांढऱ्या कागदाचा तंबू करून त्यात भांडं ठेवायचं आणि एका भोकातून कॅमेऱ्याने बघायचं, असा त्यावर उपाय. मी तो केला. तरी घंगाळाच्या पोटावर, अगदी मधोमध, हिरव्या साडीतली मी दिसतच होते. मला वाटलं कुणाच्या लक्षात येणार नाही. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो जवळ धरला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"मीच," मी म्हटलं.

"हिला काढा बुवा. गिऱ्हाइकाला वाटेल भांड्यालाच पोचा आलाय."

मी मला काढलं. ती न पुसलेली प्रत मात्र स्टुडिओच्या भिंतीवर लावून ठेवली, कारण मी केलेल्या कामात मी दिसतेय असा तो एकच फोटो होता.

एवढं सगळं सांगितलं ते प्रज्ञाकडे यायचं म्हणून.

शहरातल्या एका संस्थेत फोटोग्राफीचा दोन वर्षांचा डिप्लोमा होता. तिथे शनिवारी सकाळी मी उजेडाचं प्रॅक्टिकल घ्यायचे. वर्गात बहुतेक मुलांना लग्नाची कामं करायची होती. प्रज्ञा गांगुर्डे नांदगावची. वडील तिथेच एका सरकारी कचेरीत क्लार्क. ही सिडकोत मावशीकडे राहून शिकत होती. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. डिप्लोमानंतर बरी नोकरी लागली तर फोटोग्राफी कर, नाहीतर परत येऊन स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव. मुलगी अंगाने किरकोळ, बोलणं कमी, पण प्रश्न असा विचारायची की मी खडू खाली ठेवायचे. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही उजेड कुठून आणायचा ते शिकवता. अंधार कुठून आणायचा?"

मी तिला काळं कापड दाखवलं. पुढच्या शनिवारी ती स्वतःचं घेऊन आली. मावशीचा जुना परकर उसवून केलेलं.

तिच्याकडे दिवे नव्हते. ती घरचा टेबललॅम्प, स्टीलचं ताट, मोबाइलची बॅटरी आणि तो परकर एवढ्यावर प्रयोग करायची. एकच वांगं तिने अकरा तऱ्हांनी काढून आणलं होतं. मावशीने मग त्याचं भरीत केलं म्हणाली. सत्राच्या शेवटी मी 'घरातली एक वस्तू' असा विषय दिला. कुणी परफ्यूमची बाटली आणली, कुणी घड्याळ. हिने कोबी आणला. कोबीच्या बाहेरच्या पानावर एक पांढुरकी साय असते, बघा. बोट फिरवलं की तिथली जाते आणि खालचा हिरवा रंग दिसतो. हिने मागून, खालच्या बाजूने एकच दिवा लावून ती साय दाखवली होती. फोटो काळोखा होता.

मी म्हटलं, "अगं, कोबी पुसायचा, थोडं तेल लावायचं. ताजा दिसतो. हा धूळ बसल्यासारखा वाटतोय."

"धूळ नाही मॅडम. पुसला की जाते ती. मग तो हाताळलेला दिसतो."

"कोबीचं एवढं बारकं कोण बघतंय?"

ती हसली नाही. "भाजी घेणारी बाई बघते," म्हणाली.

मी तिला वीसपैकी अकरा मार्क दिले.

त्या वर्षी फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं काम आलं. मालक भाऊसाहेब, पन्नाशीचे, बोलायला मोकळे पण मालाच्या बाबतीत हट्टी. परदेशी जाणाऱ्या खोक्यावर आणि पनेटवर, म्हणजे त्या आतल्या प्लास्टिकच्या डबीवर, नवीन फोटो हवा होता. छपाईवाला थांबलेला, त्याच दिवशी फोटो पाठवायचा होता. मदतीला मी प्रज्ञाला नेलं. तिला पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओत मुलाखतीला जायचं होतं आणि त्यांची अट होती की छापलेलं एक तरी व्यावसायिक काम दाखवा, गिऱ्हाइकाच्या पत्रासह. मी तिला म्हटलं, "चल, काम कसं चालतं ते बघ. तुला पत्र मिळण्यासारखं काही निघालं तर बघू." हे मी म्हटलं होतं. पुढे मी ते विसरले असं दाखवलं, म्हणून इथे मुद्दाम नोंदवते.

पॅकहाऊसच्या एका कोपऱ्यात आम्ही टेबल मांडलं. क्रेट आला. थॉमसन जातीचे लांबट मण्यांचे घड, हिरवे, वर पांढुरकी पावडर. मी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. घड बादलीत बुडवून धुतला, मऊ कापडाने एकेक मणी पुसला, ग्लिसरीन-पाण्याचा फवारा मारला. दोन्ही बाजूंनी दिवे लावले. मणी काचेसारखे चमकायला लागले, वर थेंब टपोरे. मी मनात म्हटलं, झालं, जेवायच्या आत नाशिकला परत.

पॅकिंगच्या बायकांवर देखरेख करणारी मंदाताई पाणी घेऊन आली. टेबलाकडे बघून तिने तांब्या खाली ठेवला.

"अगं बाई! ह्ये काय केलं ताई? घड मारला की तुमी!"

"मारला म्हणजे?"

"पावडर कुटं हाय त्याच्यावरची? ती झाडावरच येती. आमी बाया दिवसभर देठाला धरून काम करतो, मण्याला बोट लावून देत नाय कुणाला. बोट लागलं की तिथली पावडर गेली. तिकडचा घेणारा पयलं तीच बघतो. चमकायला लागला म्हंजे समजायचं लय हात फिरलेत त्याच्यावर, शिळा हाय."

भाऊसाहेब आले, त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं आणि एकच वाक्य बोलले. "मॅडम, हा माल आम्ही बाद करतो."

आजवर मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. नवा घड घेतला, न धुता, देठाला धरून ठेवला आणि त्याच दिव्यांत काढला. तर पावडर अशी दिसायला लागली की जणू औषध मारून आणलाय आणि तसाच भरलाय. दिवे मागे नेले. मऊ केले. घड बदलला. तिसऱ्या घडाला टेबलावर ठेवताना माझाच अंगठा लागला आणि एका मण्यावर हिरवा डाग उमटला. दुपारचे दोन वाजून गेले होते. छपाईवाल्याचे भाऊसाहेबांना फोन येत होते आणि ते माझ्यासमोर अगदी सभ्यपणे बोलून ते ठेवत होते. त्या सभ्यपणाचीच मला जास्त भीती वाटली.

प्रज्ञा तोवर माझ्यामागे थर्माकोल धरून उभी होती. म्हणाली, "मॅडम, समोरचे दोन्ही दिवे बंद करू?"

"मग दिसणार काय?"

"कोबीसारखं करून बघू."

मी चिडले होते, पण माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. म्हटलं, कर.

तिने आधी टेबल बाजूला केलं. "घड झोपलेला कशाला? तो लटकतो ना," म्हणाली. मंदाताईने देठाला दोरा बांधून दिला आणि घड स्टँडच्या आडव्या दांडीला टांगला. एक दिवा तिने मागे, खाली, बटर पेपरच्या पलीकडे ठेवला. समोर टीचभर थर्माकोल. आणि डाव्या बाजूने उजेड खायला काळं कापड. ते धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरलं. तिने कॅमेरा घेतला, जमिनीवर बसली, दिवा दोन बोटं डावीकडे घ्यायला सांगितला, पुन्हा अर्धं बोट उजवीकडे. मग बटण दाबलं.

स्क्रीनवर मणी आतून उजळले होते, बिनबियांच्या द्राक्षाचा तो पारदर्शक हिरवा रंग, आणि प्रत्येक मण्यावर ती पावडर पहाटेच्या धुक्याएवढी पातळ. कुणाचा हात लागलेला नव्हता हे बघताक्षणी कळत होतं. मंदाताई स्क्रीनजवळ वाकली. "हां, हा आपला घड," म्हणाली आणि बाकीच्या बायकांना हाका मारायला लागली. कामाचे हातमोजे घातलेल्या बायका गोल करून तो फोटो बघत होत्या. आपण दिवसभर जे जपतो ते फोटोत आलंय, याचा त्यांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही.

भाऊसाहेब छपाईवाल्याशी फोनवर बोलण्यासाठी बाहेर गेले होते. परत आले, फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मानलं. हा हात तुमचाच. साहेबांचं नाव पाटीवर आहे, पण काम कोणाचं ते आज कळलं."

एवढ्या वर्षांत एका गिऱ्हाइकाने पहिल्यांदा समोर उभं राहून मला हे सांगितलं होतं. किती दिवस मी या वाक्याची वाट बघत होते! आणि ते आलं तेव्हा माझ्या हातात काळं कापड होतं. प्रज्ञा खाली बसून वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली. मला फक्त "हिने काढला" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, "थँक्यू भाऊसाहेब."

परतीच्या वाटेवर ती दिव्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मी बरंच बोलले, द्राक्षांबद्दल. आठ दिवसांनी स्टुडिओत आली आणि चाचरत विचारलं, "मॅडम, भाऊसाहेबांकडून एक पत्र मिळेल का? फोटो मी काढला असं. मुलाखतीला लागेल."

मी तिला धंद्याचा नियम सांगितला. मदतनीस जे काढतो ते स्टुडिओचं काम असतं, नाव स्टुडिओचं जातं, सगळीकडे असंच चालतं. नियम खरा आहे, अजूनही चालतो. पण मी तो सांगितला तो नियमासाठी नाही. पत्र मागायचं तर भाऊसाहेबांना खरं सांगावं लागलं असतं. ती "हो मॅडम" म्हणाली. जाताना भिंतीवरच्या घंगाळाच्या फोटोपाशी थांबली. तोच, न पुसलेला. "यात तुम्ही आहात की," म्हणाली. मी म्हटलं, "हो, चुकून राहिले." ती गेली.

आठवड्याने दुपारी फोन आला. पुण्याच्या स्टुडिओतून. तिकडचे गृहस्थ म्हणाले, "एक मुलगी माझ्यासमोर बसलीय. तिच्या फायलीत द्राक्षांचा फोटो आहे, स्वतःचा म्हणून सांगतेय. पत्र नाहीये. काम विद्यार्थ्याचं वाटत नाही, म्हणून विचारतो. हिचा आहे का?"

मी म्हटलं, "आमच्या स्टुडिओचं काम आहे ते. प्रज्ञा मदतीला होती. हुशार मुलगी आहे."

शब्द न् शब्द आठवतोय. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि मी आयुष्यात बोललेलं ते सगळ्यात मोठं खोटं आहे. फोन ठेवला तेव्हा हे काउंटरवरून बघत होते. सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "सांगून टाकायचं होतंस. मी तर दर वेळी सांगायचो." खरंच होतं. लोक हसत तो भाग वेगळा, पण हे दर वेळी सांगायचे.

प्रज्ञाला ते काम मिळालं नाही. डिप्लोमा घेऊन ती नांदगावला गेली. माझ्याकडे मात्र द्राक्षांची कामं वाढली. काळी द्राक्षं, बेदाणे, डाळिंबं. तिचा मागचा दिवा, टांगलेला घड आणि काळं कापड, हे सगळं मी पुढचे पाच हंगाम वापरलं. हाताला छान बसलं. 'नाशिकच्या द्राक्षाला मॅडमसारखा उजेड कुणी देत नाही' असं लोक म्हणायचे. मी स्वतःची समजूत घालायचे की ती समोर बसली असली तरी फोनवर मी काय बोलले ते तिला थोडंच ऐकू आलं असणार. पुण्याच्या माणसाला दुसरा कुणी पसंत पडला असेल.

संपादकांचा फोन आला आणि ती समजूत टिकेना. गेल्या महिन्यात आधी भाऊसाहेबांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मला काय मॅडम, माझा माल चांगला दिसला. पण तेव्हाच बोलला असता तर पुढचे चार फोटो मी त्या पोरीकडूनच काढून घेतले असते." हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोलले नव्हते.

मग प्रज्ञाचा नंबर शोधला. तिने लगेच ओळखलं. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये गेली म्हणाली, मन लागलं नाही. आता नांदगावात बाजाराजवळ एका खोलीत स्वतःचं काम करते. बियाण्यांची पाकिटं, कडबाकुट्टीची यंत्रं, घरून कानातली विकणाऱ्या बायकांची कानातली. मनमाडहूनही लोक येतात. दोन दिवे घेतलेत. "परकर अजून आहे," म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. लेखाचं, फोटोचं, पुण्याच्या फोनचं. म्हटलं, "प्रज्ञा, त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी..."

"माहितीये मॅडम. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता."

मी माफी मागितली, तीही धड झाली नाही, रडायलाच आलं. तिकडे ती शांत होती. मागून कुणीतरी तिला यंत्र कुठे उतरवायचं असं विचारत होतं.

"मॅडम, नाव छापा," ती म्हणाली. "पूर्ण छापा, गावासकट. फक्त खाली 'त्यांची विद्यार्थिनी' असं लिहू नका."

या लेखासोबत तो द्राक्षांचा फोटो आहे. परवा छपाईपूर्वीचं प्रूफ आलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'छायाचित्र : प्रज्ञा गांगुर्डे, नांदगाव (लेखिकेची विद्यार्थिनी)'. संपादकांनी कौतुकानेच घातलं असणार. कंसातले दोन शब्द मी लाल पेनाने खोडले आणि प्रूफ परत पाठवलं.